जागा खाली आहे

२०२५ च्या जुलै महिन्यात भारतीय फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने रीतसर अर्ज मागवले. अर्ज आले १७०. त्यांत बार्सिलोनाच्या झावी हर्नांडेझ यांचाही अर्ज आहे अशी बातमी फुटली आणि देशातल्या फुटबॉलवेड्यांची झोप उडाली. पाठोपाठ पेप गार्डिओला यांचेही नाव पुढे आले. दोन दिवसांनी महासंघाला जाहीर करावे लागले की या दोन्ही नावांनी आलेल्या ई-मेल खऱ्या नव्हेत. पुढे झावींच्या नावाने अर्ज धाडल्याची कबुली देणारा इसम एक महाविद्यालयीन विद्यार्थी निघाला. तो आपल्या महाविद्यालयाचा नाही, हे संपादकांच्या समाधानासाठी येथेच सांगून टाकतो. असता तर त्याला या अंकाच्या विनोदी विभागात मानाची जागा मिळायला हरकत नव्हती.

गंमत सोडून द्या. मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ते दोन दिवस जो तो एकच हिशेब मांडत होता, की झावींना द्यायला पैसे कोठून आणायचे? पण झावी खरोखरच आले असते, तर त्यांना येथे काम काय मिळाले असते, खेळाडू वर्षातून किती दिवस हाताशी मिळाले असते, त्यांच्या हाताखाली कोण असते, चार सामने हरल्यावर त्यांचा निवाडा कोणी आणि कशाच्या आधारावर केला असता, हे विचारणारा मनुष्य मला त्या दोन दिवसांत भेटला नाही. खुर्चीवर कोण बसणार याची चर्चा आपण हौसेने करतो. खुर्चीला पाय किती आहेत ते मोजत नाही. या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे, पण ते जरा सविस्तर म्हणायचे आहे.

हे मी लिहितो आहे सुरतेजवळच्या कडोदऱ्याहून. पदवी घेऊन आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडलेली पुष्कळ मुले पुण्या-बंगळुरूकडे गेली; मी पोटासाठी उलट्या दिशेला आलो. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला सुरत-बारडोलीचा रस्ता जेथे कापतो ते हे गाव. हाच रस्ता पुढे नवापूरवरून धुळ्याला जातो, म्हणून खानदेशातली माणसे येथे मुबलक. बाकी ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल असे सगळे प्रांत चार रस्त्यांवर चहा पिताना भेटतात. गाव कापड रंगवणाऱ्या गिरण्यांचे. फुटबॉलशी त्याचा संबंध म्हटला तर काही नाही. इंडियन सुपर लीगमध्ये गुजरातचा संघ आजवर उतरलेला नाही. तरीही जुलैतल्या त्या चर्चेत आमचे बंगाली आणि मलयाळी सहकारी इतके रंगले होते की जेवणाची सुट्टी पुरत नसे.

येथल्या गिरण्यांच्या फाटकांवर गुजरातीत पाट्या लटकत असतात, अमुक कामाला माणूस ‘जोईए छे’, म्हणजे पाहिजे. डाइंग मास्तरची जागा मात्र पाटी लावून भरत नाहीत. मास्तर म्हणजे कापडाच्या रंगाचा धनी. एखाद्या गिरणीचा मास्तर सोडून गेला, की त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर अंदाज सुरू होतात. पांडेसऱ्याचा अमका येणार, सचिनचा तमका येणार, त्याने इतके मागितले, शेठ इतके देणार. फुटबॉलच्या बातम्यांत आणि या बातम्यांत मला काडीचाही फरक दिसलेला नाही.

फरक आहे तो पुढच्या पायरीला. मास्तर बोलणी करायला येतो तेव्हा पगाराचा आकडा शेवटी निघतो. आधी तो विचारतो की बॉयलर केवढा आहे, वाफेचा दाब दिवसभर टिकतो का, पाणी कसले आहे, जेट मशीन किती आहेत, कोरे कापड एकसारखे येते की दहा ठिकाणचे. आपली दोन-तीन माणसे बरोबर आणू द्याल का, हेही विचारतो. कारण त्याला ठाऊक असते, की वाफ कमी पडली तर रंग फिका चढेल आणि शिव्या आपल्याला बसतील. शेठही मग विचारतो की पुन्हा रंगवावा लागणारा माल किती कमी करशील? दोन्ही बाजूंनी अटी ठरतात, मग नाव ठरते. हे सारे कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकाविना चालते.

आता आपल्या राष्ट्रीय संघाचा व्यवहार पाहा. क्रोएशियाचे इगोर श्टिमॅच मे २०१९ मध्ये आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांचा करार २०२६ पर्यंत वाढवला गेला आणि जून २०२४ मध्ये त्यांना काढून टाकले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत संघ पुढे गेला नाही हे कारण, आणि ते खरेही होते. पण करार तोडण्याची अट आधी नीट ठरलेली नसल्याने वाद झाला, आणि शेवटी तडजोडीत ४ लाख डॉलर मोजावे लागले अशी वार्ता आली. त्यानंतर स्पेनचे मानोलो मार्केझ आले, तेही एफ. सी. गोवाचे प्रशिक्षकपद सांभाळूनच. एक मनुष्य, दोन खुर्च्या. त्यांच्या हाती संघ ८ सामने खेळला आणि त्यांतला एकच जिंकला, मालदीवविरुद्ध. तोही निवृत्त झालेल्या सुनील छेत्रींना परत बोलावून. जून २०२५ मध्ये हाँगकाँगकडून हार झाली आणि जुलैत खुर्ची पुन्हा रिकामी.

दोघांची लायकी काढायचा मला अधिकार नाही. मार्केझ यांनी हैदराबादला २०२२ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. तेव्हा त्यांना प्रशिक्षण येत नव्हते असे म्हणणे हास्यास्पद होईल. पण वाफेचे काय? सप्टेंबर २०२३ मधली हांगझौची आशियाई क्रीडास्पर्धा आठवा. लीगचा मोसम तोंडावर होता, क्लबांनी खेळाडू सोडायला नकार दिला, कसाबसा संघ जमवला गेला आणि तो सामन्याच्या आदल्या संध्याकाळी चीनमध्ये पोहोचला. दुसऱ्या दिवशी यजमान चीनने १–५ असे हरवले. त्या दिवशी मैदानाकडेला झावी, गार्डिओला आणि आणखी कोणी मिळून तिघे उभे असते, तरी प्रवासाने आंबलेले पाय हलके झाले नसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने तीन नावे काढली होती. दोनदा येऊन गेलेले इंग्लंडचे स्टीफन कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे स्टेफान तारकोविच आणि आपले जमील. सावियो मदेरांनंतर १३ वर्षांनी भारतीय माणूस या जागेवर बसला, याचा वृत्तपत्रांनी मोठा उत्सव केला. मलाही आनंद झाला. पण दोनच आठवड्यांत काफा नेशन्स कपसाठी शिबिर भरले, आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय मुदतीबाहेर आहे या कारणाने मोहन बागानने आपले खेळाडू धाडले नाहीत. जमील मिळाले तेवढे घेऊन गेले आणि ताजिकिस्तान व ओमान यांना हरवून तिसरे आले. आम्ही कडोदऱ्यात पेढे वाटायचेच राहिलो होतो. ऑक्टोबरमध्ये त्याच जमीलांचा संघ सिंगापूरशी तेथे १–१ असा बरोबरीत सुटला, मडगावच्या फातोर्ड्यावर १–२ असा हरला, आणि आशियाई चषकाचे दार बंद झाले. नोव्हेंबरात ढाक्याला बांगलादेशकडून ०–१. लगेच टपरीवर नवा प्रश्न तयार, आता कोण?

बांगलादेशविरुद्धची हार बचावाने की मधल्या फळीने झाली याची चर्चा व्हायला हवी होती. ती झालीच नाही असे नाही, पण नावांच्या गलक्यात कोणाला ऐकू आली नाही.

तर्क करणे वाईट, असा मात्र माझा मुळीच दावा नाही. इंग्लंडात तर पुढचा व्यवस्थापक कोण आणि आधी डच्चू कोणाला मिळणार यांवर राजरोस पैजा लागतात. जेथे निवड बंद खोलीत होते, तेथे बाहेरचा गलबला हाच एक धाक असतो. लोक बोलत राहिले म्हणून तर ती तीन नावे उजेडात आली असेही म्हणता येईल. माझी तक्रार इतकीच की आपला तर्क आळशी आहे. नाव घ्यायला अभ्यास लागत नाही. शिबिराचे दिवस, मदतनिसांची संख्या, कराराच्या अटी हे विचारायला थोडी माहिती काढावी लागते.

मदतनिसांचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुलै २०२३ मध्ये बंगळुरूच्या कंठीरवा स्टेडियमवर भारताने कुवेतला पेनल्टींवर हरवून सॅफ करंडक जिंकला. आपल्या कन्नड विभागातले मित्र त्या रात्रीच्या गर्दीच्या आठवणी अजून सांगतात. त्या अंतिम सामन्यात श्टिमॅच मैदानाकडेला नव्हते. लाल कार्डांमुळे त्यांच्यावर बंदी होती. संघ हाताळला तो त्यांचे मदतनीस महेश गवळी यांनी, गोव्याचा हा एके काळचा खंदा बचावपटू. उपांत्य सामन्यातही तेच. गवळींची मदतनीस म्हणून नेमणूक झाली तेव्हा कोणत्या टपरीवर पैज लागली होती? संघाबरोबर दुसरा, तिसरा, गोलरक्षकांचा, शरीरस्वास्थ्याचा असे जे चार-सहा जण असतात, त्यांच्या जागा कधी रिकाम्या होतात आणि कधी भरतात याचा आपल्याला पत्ताही नसतो. डाइंग मास्तर विचारतो त्या ‘माझी माणसे’ या शब्दांतच अर्धे काम असते.

खुद्द जमील यांची कहाणी तरी काय सांगते? जन्म कुवेतचा, खेळ महिंद्र युनायटेड आणि एअर इंडियाकडून, मग मुंबई एफ. सी. या लहानशा, बेताच्या पैशांच्या संघाचे २००९ पासून ७ वर्षे प्रशिक्षक. विजेतेपद नाही, पण संघ कधी खालच्या वर्गात घसरू दिला नाही. यात काही चमक दिसेना, म्हणून २०१६ मध्ये त्यांना जावे लागले. ते मिझोरामच्या ऐझॉल संघाकडे गेले. तो संघ आधल्या मोसमात खाली घसरला होता आणि गोव्याचे संघ बाहेर पडल्यामुळेच त्याला परत जागा मिळाली होती. २०१६–१७ च्या त्या मोसमात ऐझॉल आय-लीगचे विजेते झाले आणि मुंबई एफ. सी. तळाला जाऊन खालच्या वर्गात गेले. एकाच तक्त्याची दोन टोके! मुंबईच्या टपऱ्यांवर तेव्हा नव्या प्रशिक्षकाच्या नावाचे अंदाज नक्कीच चालले असतील. ७ वर्षे घसरण थोपवणे हेही एक काम असते, हे मात्र कोणाच्या हिशेबात आले नसावे.

एवढे होऊनही सुपर लीगने भारतीय माणसाला कायमचा मुख्य प्रशिक्षक नेमायला २०१४ पासून २०२१ पर्यंत वेळ घेतला. तो पहिला मनुष्यही जमीलच, नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये, आणि तोही आधी हंगामी म्हणून संघाला बाद फेरीत नेऊन दाखवल्यावर. ‘हंगामी’ हा शब्द आपल्या प्राध्यापक वाचकांपैकी अनेकांना वेगळा समजावून सांगायला नको.

आणि खुर्ची मिळाली म्हणजे सुटलो असेही नाही. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातल्या कराराचा गुंता सुटेना म्हणून सुपर लीगचा मोसमच लांबणीवर पडला. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफ. सी.ने पहिल्या संघाच्या खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे पगार थांबवत असल्याचे जाहीर केले. पदार्पणातच आय-लीग जिंकलेला, नीटनेटक्या कारभारासाठी नावाजलेला हा संघ. तेथे ही गत, मग इतरांचे काय? राष्ट्रीय प्रशिक्षक कोण यावर देश हमरीतुमरीवर आलेला असताना, ज्यांच्या हातून राष्ट्रीय खेळाडू घडायचे ती माणसे घरी बसून पगाराची वाट पाहत होती.

आता मी आपल्या अंगणाकडे वळतो, कारण हा मजकूर महाविद्यालयाच्या अंकासाठी आहे.

या देशाचा सर्वांत यशस्वी फुटबॉल प्रशिक्षक कोण, हे निर्विवाद आहे. हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. १९५० ते १९६३ त्यांनी संघ सांभाळला. १९५१ आणि १९६२ या दोन्ही आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक. १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २–१ हरवताना ते कर्करोगाने पोखरलेले होते आणि पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्यावर अलीकडे हिंदी चित्रपट निघाला, त्यामुळे नाव तरी मुलांना ठाऊक झाले. पण रहीम मुळात शाळामास्तर होते, ही गोष्ट मला त्या पदकांपेक्षा महत्त्वाची वाटते. शाळेच्या पटांगणावर मुलांना समजेल असे सांगायची सवय त्यांना होती. त्या जागेतून तो मनुष्य वर आला.

ती जागा आज कोठे आहे? कोल्हापूरचेच घ्या. पेठापेठांतल्या तालमींचे संघ, शाहू स्टेडियमवरची ती गर्दी, पाटाकडील आणि खंडोबा तालीम समोरासमोर आल्यावरचा तो माहोल! असा फुटबॉल महाराष्ट्रात दुसरीकडे नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. पण तोही पुण्याच्या क्रीडाप्रबोधिनीत गेला, म्हणून घडला. त्याच विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबर २०१७ रोजी, महाराष्ट्रात ‘मिशन वन मिलियन’ नावाचा उपक्रम झाला. एका दिवसात दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळायचे. शाळांना चेंडू वाटले गेले. कल्पना सुंदर होती. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी तो चेंडू कपाटातून काढून मुलांना पायाच्या आतल्या बाजूने कसा ढकलायचा हे दाखवायला कोण होते? चेंडू सरकारी आदेशाने एका दिवसात येतो. शिकवणारा तसा येत नाही.

शाळा-महाविद्यालयांत शारीरिक शिक्षणाच्या जागेची जी दशा आहे ती सर्वांना दिसते. शिक्षक निवृत्त होतो, जागा गोठते. मग तासिकेवर एखादा तरुण येतो, त्याच्याकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सारे खेळ, शिवाय स्नेहसंमेलनाचा मांडव. माझ्या वेळी आमच्या संघाला सराव देणारा असा कोणी नव्हता. आमच्यातलाच एक बचावपटू शिट्टी घेऊन उभा राही. खेळ वाचण्याची त्याची नजर विलक्षण होती. समोरचा चेंडू कोणाकडे देणार हे तो आधी ओरडून सांगे. मी आजवर पाहिलेला सर्वांत चांगला प्रशिक्षक तोच. त्याला कोणी सांगितले नाही, की प्रशिक्षणाचे परवाने असतात, त्यांची शिडी डी पासून सुरू होऊन सी, बी, ए आणि प्रो अशी वर जाते, पहिली पायरी जेमतेम आठवड्याभराच्या वर्गाची असते, आणि आपल्यासारख्या मुलाला ती चढता येते. त्याने दुकान टाकले. दुकान बरे चालते. त्याच्या जागी कोण आले, यावर कोणी अंदाज बांधला नाही, कारण ती जागा आहे हेच कोणाला माहीत नव्हते.

पुढल्या वेळी राष्ट्रीय प्रशिक्षकाची खुर्ची रिकामी होईल (आणि ती होईलच, त्यात अंदाज कसला?), तेव्हा जमीलांनंतर कोण यावर वसतिगृहाच्या गच्चीवर रात्रभर जरूर वाद घाला. आमच्याकडेही चालेल. पण त्याआधी जिमखाना समितीपुढे एक सूचना ठेवतो. जिमखाना निधीतून दर वर्षी दोन विद्यार्थ्यांना डी परवान्याच्या वर्गाला पाठवावे. त्यांत एक मुलगी असावी. संघातले सर्वांत चांगले खेळाडूच निवडावेत असे नाही. जो राखीव बाकावर बसून सामना नीट पाहतो, तो पुष्कळदा अधिक कामाचा निघतो. परतल्यावर त्या दोघांनी दोन वर्षे आठवड्यातून तीन दिवस जवळच्या एका शाळेत संध्याकाळी मुले खेळवावीत, एवढीच अट. वर्गाच्या तारखा राज्य संघटनेकडे चौकशी केल्यास मिळतात. निधी अपुरा पडल्यास माजी विद्यार्थ्यांकडून वर्गणी गोळा करावी. सुरतेकडे आम्ही सात-आठ जण आहोत. यादीत माझे नाव आधीच लिहून ठेवायला हरकत नाही.